जयवंतीला आणायला सूर्यमाळला

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, तरी जयवंती आली नाही. तेव्हा मी म्हटलं, आता फोन पुरे, आपणच जायचं आणि तिला गाडीत घालून आणायचं.

ब्लॉगवर नवीन असाल तर आधी हे सांगते. जयवंती माझी भागीदार. ठाण्यात आमचं पोळीभाजी केंद्र आहे, तिचं अर्धं, माझं अर्धं. त्याआधी आम्ही एकाच संघातून कबड्डी खेळायचो. ती चढाईला जायची, मी डावा कोपरा सांभाळायचे. माझा गुडघा गेला आणि मी मैदान सोडलं. तिचं लग्न मोडलं आणि तिनं सासर सोडलं. मग दोघींनी मिळून भाड्याच्या गाळ्यात शेगडी पेटवली. यंदा पावसाच्या तोंडाशी ‘लावणी उरकून येते’ म्हणून ती गावी गेली. लावणी उरकली, गणपती बसले, उठले. फोन लागला की एकच पालुपद, ‘येते गं.’

इकडे स्टेशनाजवळ दुसरा गाळा मिळत होता. मालकाला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. जयवंती असेल तर घ्यायचा, नसेल तर नाही, इतका सरळ हिशोब. एकटीनं दोन दुकानं चालवायची म्हणजे एका हातानं दोन तवे.

पण खरं सांगू का? गाळा गेला खड्ड्यात. मला ती हवी होती. पूर्वी रात्री शटर ओढलं की आम्ही पायरीवर बसायचो, उरलेला चहा वाटून घ्यायचो आणि दिवसभरातल्या एकेका गिऱ्हाइकाचा उद्धार करायचो. आता मी शटर ओढते आणि घरी जाते. शहरात बोलायला माणसं ढीगभर, पण ज्याला अर्धं वाक्य बोललं तरी कळतं असं कोण असतं? मला तर एकच होती.

तर बुधवारी पहाटे डब्यांची व्हॅन काढली. नाशिक महामार्गानं कसाऱ्यापर्यंत रस्ता सरळ आहे. शहापूरच्या पुढे एका टपरीवर कांदापोहे आणि चहा घेतला, दोन्ही मिळून पन्नासच्या आत. पेट्रोल तिकडेच भरून घ्या, पुढे वाट बघत बसाल. कसाऱ्याजवळ जव्हार फाट्याला डावीकडे वळलात की गाड्यांचा आवाज मागे राहतो आणि विहीगावच्या बाजूनं जंगल सुरू होतं. रस्ता बरा आहे, पण ‘बरा’ हा शब्द वळणागणिक बदलतो. माझ्या गाडीतले रिकामे डबे खोडाळ्याकडे जाईपर्यंत भजन करत होते.

नोव्हेंबरात हा प्रदेश फार देखणा असतो. भातं कापून झालेली, खाचरात नुसते बुडखे, वर स्वच्छ ऊन आणि हवेत गारवा. उन्हाळ्यात मात्र हौसेनं येऊ नका. सूर्यमाळच्या वरच्या पाड्यांवर तेव्हा बायका हंड्याभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. तुम्ही आंघोळीला बादली मागाल आणि ते देतीलही, त्याचीच लाज वाटावी.

जयवंतीचा पाडा मुख्य रस्त्यापासून आत आहे. व्हॅन खाली शाळेजवळ लावली. तिथंच ती दिसली. साडीचा काष्टा मारलेला, तोंडात शिट्टी, समोर शाळेतल्या सात-आठ पोरी. लाल मातीवर फक्कीच्या रेषा. एक उंच पोरगी चढाईला गेली होती. तिनं बगल देऊन दोघींना असं काही चकवलं की मी तिथूनच ‘अगं कोपरा!’ म्हणून ओरडले. जयवंतीनं मागे वळून बघितलं. पळत येऊन तिनं मला कमरेला धरलं, अगदी पकड करतात तसं, आणि सोडेचना.

रविवारी जव्हारला शाळांचे सामने होते आणि या पोरी पहिल्यांदाच तिथवर जाणार होत्या. उंच पोरगी रोहिणी, शेजारच्या लक्ष्मणची मुलगी, नववीतली. जयवंती तिच्याबद्दल बोलताना हातवारे करत होती. ठाण्यात शेवटची दोन वर्षं मी तिला इतकं बोलताना बघितलं नव्हतं.

संध्याकाळी तिच्या घराच्या ओट्यावर सगळा पाडा जमला. पाहुणी आली म्हटल्यावर येणारच. जयवंतीच्या आईनं, म्हणजे मावशीनं, नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी वाढली. आमच्या केंद्रातही आम्ही नागलीची भाकरी विकतो, पण ही चुलीवरची आणि मागच्या वर्षीच्या दाण्याची. ‘नवी कुठंय?’ मी विचारलं, तर सगळे जयवंतीकडे बघून हसले.

हसण्याचं कारण लक्ष्मणनं सांगितलं. पाड्याचं खळं एकच, मळणी पाळीपाळीनं. सगळ्यांची नागली झोडून झाली की गावदेवाला नवं दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून खायचं. त्याआधी नवा दाणा कुणी तोंडात घालत नाही आणि नवं केल्याशिवाय कुणी कामासाठी गाव सोडत नाही. यंदा सगळ्यांची मळणी उरकली होती, राहिली होती एकट्या जयवंतीची. खळ्याच्या कडेला तिची उडवी, म्हणजे कापलेल्या नागलीची गंजी, तशीच रचलेली. भिवंडीकडच्या वीटभट्टीचा मुकादम रोज फोन करत होता.

‘मुकादम बोलतो, गाडी कब भेजू,’ लक्ष्मण म्हणाला. ‘आता तुमीच इचारा हिला ताई. आमी काय तिच्या उडवीला हात लावणार नाय. घरच्यानं हाक मारावी लागते.’

‘कंबर धरलीय माझी,’ जयवंती म्हणाली. ‘होईल रविवारनंतर.’

मी तिला ठाण्याचं विचारायला तोंड उघडलं, तर तिनं माझा हात दाबला. रविवार होऊ दे, मग सगळं बोलू, एवढंच म्हणाली. मी समजले की बाई दमली आहे. गाळ्याचं ऐकून तिनं नुसती मान हलवली.

आता माझ्या डोक्यात काय चाललं असेल ते धंदा करणाऱ्यांना सांगायला नको. मला वाटलं, हिचं घोडं नागलीपाशी अडलंय. नागली झाली की नवं होईल, नवं झालं की ही मोकळी. उगाच रविवारपर्यंत कशाला थांबायचं?

दुसऱ्या दिवशी जयवंती आणि मावशी सकाळीच जीप पकडून खोडाळ्याला बाजाराला गेल्या. पोरींसाठी बूट बघायचे होते. मला म्हणाली, तू झोप, रोज पहाटे उठतेस. मी कसली झोपते! चहा घेऊन खळ्यावर गेले आणि ती उडवी बघितली. पडलेलं काम माझ्याच्यानं बघवत नाही, हा माझा स्वभाव. ठाण्यात याच स्वभावावर आमचं दुकान उभं राहिलं असं मी चारचौघांत सांगतसुद्धा असते.

लक्ष्मण अंगणात विळ्याला धार लावत होता. मी त्याला म्हटलं, चला, करून टाकू.

‘हाक कोण मारणार?’ त्यानं विचारलं.

‘मी मारली तर चालेल का?’

त्यानं जरा विचार केला. ‘तू तिची बहीणच ना. ती तसंच बोलते. चालंल.’

मला काय वाटलं म्हणून सांगू! मी खळ्याच्या मधोमध उभी राहून हाक मारली आणि घराघरातून माणसं काठ्या घेऊन निघाली. चपला काढून सगळे खळ्यावर आले, मीही काढल्या. उडवी मोडली, कणसं पसरली आणि समोरासमोर दोन रांगा करून झोडायला सुरुवात झाली. एका रांगेची काठी वर, दुसरीची खाली. पहिल्यांदा माझी काठी सारखी चुकत होती, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग जमलं. शेजारणीचा श्वास आणि माझा श्वास एक झाला. मैदान सुटल्यापासून असं झालं नव्हतं. सात जणींनी साखळी करून एकीला घेरायचं, कोण कधी झेप घेणार ते न बोलता कळायचं, ते सगळं अंगात परत आलं. भर उन्हात मला रडू येत होतं आणि मी कोंडा डोळ्यात गेला म्हणून सांगत होते.

दुपार कलायच्या आत नागली झोडून, सुपांनी वारवून खळ्यावर रास पडली. उद्या नवं करायचं ठरलं. लक्ष्मणनं टेकडीवर चढून मुकादमाला फोन लावला आणि शनिवारी गाडी बोलावली. शनिवार ऐकूनसुद्धा माझ्या डोक्यात दिवा लागला नाही. मी हातपाय धुऊन ओट्यावर बसले आणि जयवंती कशी चकित होईल याचा विचार करत राहिले.

ती आली. हातात बुटांची पिशवी. खळ्याकडे तिनं एकदा बघितलं, लोक काय सांगत होते ते ऐकून घेतलं, सगळ्यांशी हसून बोलली. मग मला घराच्या मागे घेऊन गेली.

‘कोणी सांगितलं तुला?’

‘कोणी कशाला सांगायला पाहिजे? तुझं काम अडलं होतं.’

‘अडलं नव्हतं, वंदे. मी अडवलं होतं.’

मग तिनं सांगितलं. पोरी आईबापांबरोबर भट्टीवर जातात. एकदा गाडी हलली की थेट पावसाला परत. रोहिणी गेल्या वर्षीही सामन्याआधीच गेली होती. आईबापांना थांबा म्हणून कोण सांगणार आणि का म्हणून ऐकतील, त्यांचं पोट त्यावर. तेव्हा जयवंतीनं एकच केलं, मळणीत आपली पाळी शेवटची मागून घेतली आणि कंबर धरून बसली. कुणी तिला जाब विचारू शकत नव्हतं आणि ओट्यावर त्यांच्याचसमोर ती मला सांगूही शकत नव्हती. फक्त रविवारपर्यंत ओढायचं होतं.

‘आणि रविवारनंतर?’ मी विचारलं.

‘सोमवारी मळणी, मंगळवारी नवं, मग हे भट्टीवर गेले असते. आणि मी तुझ्या गाडीत बसले असते. पिशवी भरलेली आहे माझी. बघ जाऊन.’

मी गेले नाही बघायला. माझी हिंमत झाली नाही.

अर्थात मी गप्प बसणारी नव्हे. मी म्हटलं, माझी व्हॅन आहे. आईबापांना शनिवारी जाऊ दे, पोरी राहतील, रविवारी सामने झाले की मी स्वतः पोरींना भट्टीवर सोडते, ठाण्याच्या वाटेवरच तर आहे. जयवंतीचा चेहरा उजळला. गेलेला तोल सावरला असं मलाही वाटलं.

शुक्रवारी नवं झालं. गावदेवापुढे नवा तांदूळ, नवी नागली, काकडी, चवळीच्या शेंगा ठेवल्या, नारळ फुटला, कोंबडं कापलं आणि खळ्यावरच पंगत बसली. नव्या नागलीच्या भाकरीला एक गोडसर वास असतो. तो पीठ दळून ठाण्यापर्यंत आणलं की उडतो, आमच्या गिऱ्हाइकांना तो कधीच मिळालेला नाही. पंगत उठायच्या आधी जयवंतीनं लक्ष्मणपुढे व्हॅनची गोष्ट काढली. बाकीचे आईबापही ऐकत होते. लक्ष्मणनं चटकन हो म्हटलं. मग तो हात धुता धुता थांबला.

‘पण ताईला एवढा फेरा कशाला,’ तो म्हणाला. ‘जयवंते, तू ऱ्हाशील का पावसापर्यंत? तू असशील तर पोरगी हितंच ऱ्हाऊ दे. साळा तरी होईल तिची.’

दुसऱ्या एका पोरीची आई पुढे सरकून बसली. रोहिणी ताटातला भात चिवडत होती, मान वर करत नव्हती. जयवंतीनं माझ्याकडे बघितलं. मी तिला ‘नाही म्हण’ असं डोळ्यांनी सांगितलं का? सांगितलं असेल. मी काही संत नाही.

‘ऱ्हाईन,’ ती म्हणाली.

जेवणानंतर आम्ही दोघी शाळेच्या मैदानाकडे चालत गेलो. माझं गप्प बसणं तिला सहन होत नाही.

‘विचार ना,’ ती म्हणाली. ‘विचारायलाच आलीस.’

‘येतेस का?’

‘नाही.’

‘मी ती नागली झोडली नसती तर?’

‘तर कुणी मला विचारलंच नसतं. मी पण रविवारच्या पुढचं बघत नव्हते, डोळे झाकून बसले होते. सामना झाला की पोरी भट्टीवर जाणार आणि मी ठाण्याला, एवढंच ठरवलेलं. आता त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. नाही कशी म्हणू?’

मग मी काय काय बोलले. अर्धं दुकान तुझं आहे, तू गेल्यापासून गिऱ्हाइकं भाकरीला नावं ठेवतात, नवा गाळा हातचा जाईल. ती सगळं ऐकत होती.

‘धंद्याला माणूस मिळेल तुला,’ ती म्हणाली. ‘तुझ्याबरोबर खेळायला कोणी नाही, ते बोल.’

तेच होतं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, भर दिवसा, शाळेच्या मैदानात. ती म्हणाली, मलाही तू लागतेस गं, इथं संध्याकाळी मीही एकटीच चहा पिते. पण या पोरींना शिट्टी मारली की माझा दम परत येतो. ठाण्यात तो कुठं गेला होता मला कळत नव्हतं.

शनिवारी गाडी आली. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, लहान पोरं, सगळं वर चढलं. रोहिणीच्या आईनं जयवंतीच्या हातात नागलीची एक गोणी ठेवली आणि पोरीकडे न बघता वर चढली. गाडी वळणाआड गेल्यावर पाडा एकदम मोठा वाटायला लागला. उरल्या म्हाताऱ्या, जयवंती आणि पोरी.

रविवारी माझ्या व्हॅनमध्ये डब्यांच्या जागी पोरी बसल्या. खोडाळा, मोखाडा, जव्हार हा रस्ता घाटाचा आहे, पोट नाजूक असेल तर रिकाम्या पोटी बसा. दोघींना उलट्या झाल्या, त्यातली एक रोहिणी. तरी पहिला सामना तिनंच जिंकून दिला. दुसऱ्यात समोरच्या पोरी थोराड होत्या, आमचा डावा कोपरा सारखा उघडा पडत होता, हरलो. मी रेषेबाहेरून ओरडून घसा बसवून घेतला. नंतर स्टँडजवळ सगळ्यांनी मिसळ खाल्ली. साठ-सत्तर रुपयांत पोटभर मिळते, तर्री मागून घ्या. जव्हारला मुक्काम करणार असाल तर हजार-बाराशेत साधी खोली मिळते. हनुमान पॉइंटवरून संध्याकाळी दरी बघा, राजवाडाही बघा. मी यातलं काहीच बघितलं नाही. पोरी खोडाळ्याच्या एसटीत चढल्या, शेवटी जयवंती चढली. खिडकीतून तिनं मला सांगितलं की विक्रमगडच्या पुढे खड्डे आहेत, सावकाश जा. एसटी गेली.

सोमवारी मी गाळ्याच्या मालकाला नाही म्हणून कळवलं. त्यानं विचारलं, भाडं जास्त वाटतंय का? नाही म्हटलं, माणूस नाही. धंद्याच्या शिबिरात सांगतात की पडलेलं काम आधी उरका. माझं आता मत असं, की पडलेलं काम दिसलं तर हात घालण्याआधी ते कुणी मुद्दाम पाडून ठेवलंय का ते विचारावं. मीच विचारलं नाही, तेव्हा बोलते कोणाला!

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. नोव्हेंबरात जा, पाण्याच्या बाटल्या आणि गरम कपडे न्या. मोबाइलला पाड्यावर रेंज नसते, टेकडीवर चढावं लागतं. जयवंती दर रविवारी संध्याकाळी तिथून मला फोन करते. आम्ही पोरींबद्दल बोलतो, डाव्या कोपऱ्याबद्दल भांडतो. फोन ठेवायच्या आधी मी दर वेळी विचारते, येतेस का? ती दर वेळी नाही म्हणते.

गेल्या रविवारी मी विचारलं नाही. म्हटलं, कशाला बिचारीला दर आठवड्याला अडचणीत टाकायचं. बरं ठेवते, म्हणाले. तिकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं रेंज गेली.

‘आज विचारलं नाहीस,’ ती म्हणाली.

मग मी विचारलं.

‘नाही,’ ती म्हणाली, आणि फोन ठेवला नाही.